गजूचा घरगुती क्रॉसओव्हर

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "बालाजीराव, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. वाचकांना त्यातून प्रेरणा मिळाली पाहिजे." प्रेरणा द्यायला मी काही तेवढा भला माणूस नाही. मूळचा मुरुडचा, लातूरला एका रेडिओवाल्याच्या हाताखाली शिकलो आणि नांदेडला वजिराबादेतल्या एका गल्लीत आयुष्यभर स्पीकर दुरुस्त केले. फाटलेले, जळालेले, उंदरांनी कुरतडलेले, वरातीत भिजलेले, सगळे. आता दुकान बंद केलंय. घरच्या पडवीत टेबल टाकून बसतो आणि येणाऱ्या लोकांवर चिडतो. तेवढंच काम उरलंय, म्हणून मन लावून करतो.

सगळ्यात जास्त चिडतो ते घरी बसून क्रॉसओव्हर अपग्रेड करणाऱ्यांवर. पूर्वी लोक स्पीकर बिघडला की माझ्याकडं यायचे. आता आधी मोबाईलवर व्हिडिओ बघतात, स्वतःच्या हातानं नीट बिघडवतात आणि मग येतात. वर मलाच समजावतात की आत काय आहे.

क्रॉसओव्हर काय असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही निवांत राहा, तुमच्यापासून कुणाला धोका नाही. चांगल्या स्पीकरच्या डब्यात दोन तोंडं असतात. मोठं ते वुफर, ते ढोलासारखा जाड आवाज काढतं. छोटं ते ट्विटर, ते बारीक आवाज काढतं, म्हणजे झांज, तबल्याची किनार, बोलण्यातला स, श, त, ट. दोघांना सगळाच आवाज दिला तर छोटं बिचारं जळून जाईल. म्हणून मधे एक छोटी पाटी बसवतात, तिला म्हणायचं क्रॉसओव्हर. तिच्यावर तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती जाड आवाज वुफरकडं सोडते आणि बारीक अडवते. कंडेन्सर असतो, तो बारीक आवाज ट्विटरकडं सोडतो आणि जाड अडवतो. आणि खडूच्या तुकड्याएवढा एक पांढरा रेझिस्टन्स असतो. ट्विटर मुळातच तोंडाळ, हा रेझिस्टन्स त्याला जरा दाबून ठेवतो. बस, एवढाच कारभार.

पण हे तिघं एकमेकांशी जुळवलेले असतात. एक बदलला की बाकीच्या दोघांचं गणित चुकतं. घरच्या वरणात मीठ आधीच घातलेलं असतं, ते न चाखता जो वरून अजून मूठभर टाकतो त्याला आपण काय म्हणतो, तेच मी या लोकांना म्हणतो. तोंडावर म्हणतो, त्यामुळं माझी कुणाशी फार मैत्री नाही.

लातूरला एक शिकवणीवाले सर आहेत. त्यांनी बाहेरून कंडेन्सर मागवले, एकेक काकडीएवढा. डब्यात मावेनात. तर या विद्वानानं डब्याची मागची फळी करवतीनं कापली, कंडेन्सर अर्धे आत अर्धे बाहेर ठेवले आणि वरून पुठ्ठा चिकटवला. स्पीकरचा डबा हवाबंद कशासाठी असतो हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नाही. गाडीत घालून माझ्याकडं आणला आणि विचारतात, "आवाज लई क्लिअर झालाय, पण बेस कुठं गेला?" म्हणलं, "भोकातून गेला, सर." त्यांना राग आला. मला आनंद झाला.

देगलूरचा एक किराणावाला तर त्याच्याही पुढचा. कंडेन्सरवर चार पॉइंट सात लिहिलं होतं, त्यानं सत्तेचाळीसचा आणून लावला. मधला ठिपका त्याला माशीचा वाटला असेल. म्हणे मोठा कंडेन्सर तितका चांगला. चालू केला आणि मला फोन, "काका, पोगा आला, पोगा." पोगा म्हणजे तेलुगूत धूर. म्हणलं, धूर यायचाच, तू ट्विटरला वुफरचं काम लावलंस. तर म्हणतो, धूर यायच्या आधी लई क्लिअर वाजला होता.

क्लिअर हा या लोकांचा लाडका शब्द. ट्विटर किंचाळायला लागलं की हे म्हणतात क्लिअर झालं. नवीन माल टाकला, वेळ घालवला, बोट भाजून घेतलं, मग आवाज सुधारला नाही असं कबूल कोण करणार? बायको कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात जाते आणि हे सोफ्यावर डोळे मिटून माना डोलवतात. नुसता नाद, अक्कल कशाशी खातात याचा पत्ता नाही.

आता नारायण गुरुजींचं सांगतो. नावं बदलली आहेत. गुरुजी आज हयात नाहीत, आणि त्यांच्या मुलाला विचारून लिहून राहिलो, म्हणून कुणी फोन करून मला शहाणपण शिकवू नये.

गुरुजी देगलूरकडच्या शेतकरी घरातले. शेत भावानं केलं, हे शाळेत संगीत शिक्षक झाले. रिटायर झाल्यावर नांदेडला तरोड्यात छोटं घर बांधलं आणि पुढच्या खोलीत गाण्याचा वर्ग सुरू केला. सरकारी दवाखान्यातली नर्स, कॉलेजच्या मुली, एक रिटायर पोस्टमन तबल्यावर, असे लोक यायचे. गुरुजींचा धाक मोठा. आत चहा पीत बसलेले असले तरी बाहेर ओरडायचे, "पोस्टमन, बोट किनारीवर पडलं न्हाई." आणि खरंच पडलेलं नसायचं. नांदेडात मी मानायचो असा कान तो एकच. बाकीच्यांचे कान मी नुसते बघितलेत.

त्यांची एक गोष्ट सगळ्या वर्गाला पाठ होती, कारण दर गुरुपौर्णिमेला ते सांगायचे. त्यांचे स्वतःचे गुरू म्हातारपणी बहिरे झाले, पण शिकवणं सोडलं नाही. शिष्य समोर बसून काहीबाही शब्द म्हणायचे, गुरू "वा" म्हणायचे आणि शिष्य एकमेकांना कोपर मारून हसायचे. "त्या हसणाऱ्यांत मी बी होतो," गुरुजी सांगायचे. "म्हणून सांगून ठेवतो. ज्या दिवशी तुमचा शब्द मला कळणार न्हाई, त्या दिवशी पेटी बंद. मागं हसायची पाळी मी तुमच्यावर आणणार न्हाई." हे ते गमतीत म्हणत नसत. घरातली बाई जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दिवसभर आपल्या मेडिकलच्या दुकानात. तो वर्ग गेला असता तर त्या माणसाला सकाळी उठायला कारण राहिलं नसतं.

त्यांच्या खोलीतली स्पीकरची जोडी मी बनवलेली होती. सागवानी डबे, आतला क्रॉसओव्हर माझ्या हातानं जुळवलेला. माझ्या कामातलं एखादं कुणाला दाखवायचं म्हणलं तर मी ती जोडी दाखवली असती. बरेच दिवस त्यांच्याकडं जाणं झालं नव्हतं. एके दिवशी त्यांचा फोन आला. फोनवर लई मोठ्यानं बोलत होते.

"बालाजीराव, एका डब्याचा बारीक आवाज बंद पडलाय. गजू सासुरवाडीला लातूरला गेलाय, न्हाईतर त्यानंच केलं असतं."

गजू म्हणजे गजानन, तोच मेडिकलवाला मुलगा. मी विचारलं, "त्यानं म्हणजे? तो कधीपासून स्पीकर करतो?"

"आहो, त्यानं घरीच अपग्रेड केलं ना मागं. मोबाईलवर बघून बघून शिकला. लई क्लिअर झालाय आवाज."

माझ्या डब्यात मेडिकलवाल्यानं हात घातला होता. म्हणलं, "जोडी पाठवा. दोन्ही डबे पाठवा, एक ठेवू नका."

ऑटोत घालून दोन्ही डबे आले. मागचे स्क्रू काढले आणि आत बघितलं. माझी पाटी ओळखू येत नव्हती. जिथं एक कंडेन्सर होता तिथं तीन तीन, तिन्ही वेगळ्या कंपनीचे, एकमेकांच्या अंगावर घातलेले. पांढरा रेझिस्टन्स काढून टाकलेला आणि त्या जागी नुसता तारेचा तुकडा. वुफरच्या कॉइलवर वरून अजून तार गुंडाळलेली, ती बी ओबडधोबड. सोल्डरचे डाग असे की जणू कुणी मेणबत्ती ठिबकवली. आणि इन्सुलेशन टेपच्या जागी जखमेला लावायची चिकटपट्टी. दुकानातली असणार, फुकटची. दोन्ही डब्यांत तोच गोंधळ, आणि दुसऱ्या डब्यातलं ट्विटरबी अखेरच्या घटका मोजत होतं.

दाबून ठेवणारा रेझिस्टन्सच काढला तर ट्विटर किंचाळणार आणि एक दिवस जळणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी एकटाच बसून त्या गजूला नको नको ते बोललो. बायको आतून विचारायला आली, कोण आलंय म्हणून. म्हणलं, कोणी नाही, एक गाढव येऊन गेलंय.

मग मी काम केलं, आणि सांगतो, झकास केलं. सगळा पसारा उपटून काढला. नवीन पाटी, मूळच्या मापाचा कंडेन्सर, मूळचा रेझिस्टन्स, कॉइल नव्यानं गुंडाळलेली, ट्विटरला नवे डायफ्राम, म्हणजे आतले पडदे. मीटरवर बघितलं, कानानं बघितलं, दोन्ही डबे एकमेकांशी ताडून बघितले. आवाज असा सरळ आला की मी तेच गाणं पुन्हा लावून ऐकलं. गजूचे सगळे कंडेन्सर एका पिशवीत भरले. ते त्याला त्याच्या बापासमोर परत द्यायचे असं ठरवलं होतं.

डबे घेऊन तरोड्याला गेलो तेव्हा वर्गाची वेळ झालेली होती. गुरुपौर्णिमा जवळ आली होती, त्यामुळं सगळे जमले होते. खोलीत बघतो तर मधोमध माइक. त्या एवढ्याशा खोलीत माइक कशाला, तिथं कुजबुजलं तरी भिंतीला ऐकू जातं. गुरुजी म्हणाले, "गजूनं लावला. म्हणे आजकाल पोरांना माइकची सवय पाहिजे." म्हणलं, हा गजू एक दिवस तुमच्या स्वयंपाकघरात भोंगा लावणार.

वायरी जोडता जोडता बाजूनं बघितलं तर अजून एक नवल. गाणाऱ्या मुलीच्या कानात केसांखाली कापूस. नर्सबाईच्या कानात पदराखाली कापूस. पोस्टमननं तर एवढ्या उकाड्यात कानटोपी घातलेली. म्हणजे माझ्या स्पीकरची या पोरानं अशी दशा केली होती की शिकायला येणारे कानात बोळे घालून बसत होते. मला आतून फार बरं वाटलं. मी गुरुजींना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणलो, "कापूस काढा रे सगळे, आता त्याची गरज न्हाई. आवाज सरळ केलाय."

कुणी काढला नाही. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गुरुजींनी विचारलं, "कसला कापूस?" नर्सबाई घाईघाईनं म्हणाली, "काही न्हाई गुरुजी, सर्दी हाय."

गुरुजींनी पेटी ओढली. मुलीनं माइकसमोर बंदिश सुरू केली. आवाज इतका स्वच्छ की तिचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता. मी छाती काढून उभा होतो. गुरुजींनी पेटी थांबवली.

"शब्द स्पष्ट म्हण."

तिनं पुन्हा म्हणलं. गुरुजींनी हात लांब करून ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला. खोली दणाणली.

"तोंडातल्या तोंडात काय म्हणून राहिलीस? आन् पोस्टमन, किनार कामून दाबता?"

पोस्टमन किनार दाबत नव्हता. त्या आवाजानं माझे कान ठणकायला लागले होते. पोस्टमननं तबल्यावरून हात उचलला, गुरुजींकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मला वाटलं, गुरुजींना त्या किंचाळणाऱ्या ट्विटरची सवय लागलीय. तिखट खाणाऱ्याला साधं जेवण सपक लागतं, तसं. म्हणून मी बोललो. न बोलता राहणं मला कधी जमलं नाही. "गुरुजी, सरळ आवाज असाच असतो. तुमच्या गजूनं तुमचे कान बिघडवून ठेवलेत. विचारा की कुणालाबी. सांग गं बाई, शब्द स्पष्ट येऊन राहिले ना?"

मुलगी माइकपासून मागं सरकली. तिचे डोळे भरले. नर्सबाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी इंजेक्शन चुकीच्या जागी दिलंय. गुरुजींनी पेटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघायला लागले.

तेवढ्यात दारात गजानन. लातूरहून बसनं आलेला, खांद्यावर बॅग तशीच. त्यानं डबे बघितले, माझ्या हातातली पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "काका, जरा बाहेर येता का?"

मी तयारच होतो. पायरीवर येताच त्याला झाडायला सुरुवात केली. रेझिस्टन्स काढतात का, कंडेन्सर असे लावतात का, जखमेची पट्टी लावायला तो काय पेशंट आहे का, ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालायचा. तो सगळं ऐकत उभा राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "काका, अप्पांना ऐकू येत न्हाई."

"काय?"

"जाड ऐकू येतं. बारीक जाऊन लई दिवस झाले. शब्दातला स, त, काहीच कळत न्हाई त्यांना. वर्गातल्या पोरींवर चिडायचे, शब्द खाता म्हणून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर चार दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. ॲम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं बटन वाढवलं तर त्यांनी आपल्या ठरलेल्या खुणेवर परत आणून ठेवलं. बाहेरून काही करायची सोय न्हाई. मंग म्हणलं आतून करावं, तिथं ते बघत न्हाईत."

मी पायरीवरच बसलो. 

"मला काय येत होतं काका? काहीच न्हाई. व्हिडिओ बघायचो, एक कंडेन्सर लावायचो, डबा बंद करायचो आन् अप्पा ऐकायला बसले की त्यांच्या तोंडाकडं बघायचो. तोंड उजळलं तर ठेवायचा. न्हाई उजळलं तर दुसरा लावायचा. ट्विटर जळतंय ते मला बी माहीत हाय. आधी बी जळालं, मी बदललं. मुली समोर गातात ते ऐकू येईना म्हणून माइक लावला. कापूस मीच देतो सगळ्यांना दुकानातून. सगळ्यांना माहीत हाय काका, फक्त अप्पांना न्हाई."

मला लाज वाटली, हे सरळ सांगतो. पण लाजेपेक्षा चीड जास्त आली. आयुष्य या धंद्यात घालवून, टेबलावर तीन तीन मीटर ठेवून मी जो आवाज काढला तो त्या खोलीत कुणाच्याच कामाचा नव्हता. आणि या पोरानं, ज्याला सोल्डरचा डाग धड देता येत नाही, बापाच्या तोंडाकडं बघून जे केलं ते बरोबर होतं. ज्याच्यासाठी केलं त्याला शब्द ऐकू येत होता, अजून क्रॉसओव्हरनं काय करायचं असतं?

आत आलो तेव्हा गुरुजींनी पेटीवर झाकण घातलं होतं.  गजानन माझ्या मागं उंबऱ्यातच थांबला. गुरुजी म्हणाले, "बालाजीराव, हे लोक माझ्याशी खरं बोलणार न्हाईत. तुम्ही कुणाची भीड धरत न्हाई. मला सांगा, हा आवाज सरळ हाय का?"

त्यांना काय विचारायचं होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. मी हो म्हणलो असतो तर ते झाकण परत उघडलं नसतं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून रोज बोलतच आलो. पण आवाजाबद्दल खोटं कधी बोललो नव्हतो, आणि तो आवाज तर मी काढलेला सगळ्यात चांगला आवाज होता.

म्हणलं, "न्हाई गुरुजी. वाकडा हाय. माझ्या हातून ट्विटरची वायर उलटी जोडल्या गेली. त्यामुळं बारीक आवाज मधल्या मधेच मरून राहिला."

"दोन्ही डब्यांत?"

"दोन्ही डब्यांत."

"तुमच्या हातून?"

"हाव. गजाननचं काम बरोबर होतं. मीच बिघडवलं." हे शेवटचं वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळली, पण म्हणलो. पोस्टमननं कानटोपी काढून तोंड पुसलं. गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा डब्यांकडं. मग म्हणाले, "मंग घेऊन जा आन् दुरुस्त करा. गुरुपौर्णिमेच्या आत आणा."

दुसऱ्या दिवशी आपलं मेडिकल उघडायच्या आधी गजानन माझ्या पडवीत हजर. मी माझी नवी पाटी काढली. माझ्या हातानं काढली, हे लिहिताना अजून बरं वाटत नाही. त्याला म्हणलं, "आता सांग, किती वाढवायचं?" तो म्हणे, "अजून. काका, अजून थोडं." मी मीटरकडं बघत होतो आणि तो डोळे बारीक करून अप्पांचं तोंड आठवत होता. त्याच्या कंडेन्सरची पिशवी मी परत त्याच्यासमोर ओतली आणि त्यातूनच माप ठरवलं. फरक एवढाच की मी ट्विटर बदललं. मुळातच भोंग्यासारखं मोठ्यानं बोलणारं, दणकट ट्विटर टाकलं, म्हणजे आता ते किंचाळलं तरी जळणार नव्हतं. वुफरची कॉइल नीट गुंडाळली. डाग कसा देतात ते त्याला दाखवलं. त्यानं दिला, तो बी वाकडाच. त्यावरून मी त्याला पुन्हा बोललो. तो हसला, मग मला बी जरा हसू आलं.

टेबलावर चालू करून बघितलं. स्टीलच्या ताटात चमचा घासावा तसा आवाज. इतका वाईट आवाज मी जाणूनबुजून कधी काढला नव्हता. बायको आतून म्हणाली, बंद करा ते. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

तरोड्याला नेऊन जोडला. वर्ग जमलेला होता, सगळ्यांच्या कानात कापूस होता. गजाननानं मागून माझ्या हातात बी एक बोळा दिला. मी तो मुकाट्यानं कानात घातला. गुरुजींनी पेटी ओढली, मुलीनं बंदिश उचलली. त्या कर्कश आवाजानं माझे दात आंबले. मी गुरुजींकडं बघत होतो. पहिल्या ओळीला कपाळावर आठी होती. दुसऱ्या ओळीत जिथं स येतो तिथं ती आठी गेली. पोस्टमननं किनारीवर टण्‌कन बोट मारलं आणि गुरुजींची मान आपोआप हलली. मी गजाननकडं बघितलं. तो स्पीकरकडं बघतच नव्हता.

"हां," गुरुजी म्हणाले, "आता शब्द आला. पोस्टमन, वा."

त्यानंतर त्यांचा वर्ग चालतच राहिला. ते गेले त्या आठवड्यातसुद्धा पेटी उघडी होती, असं गजानन सांगतो. घरी क्रॉसओव्हर अपग्रेड करणारे अजून माझ्याकडं येतात आणि मी अजून चिडतो. त्यांच्यातल्या कुणी मला असं काही कारण सांगितलं नाही, त्यामुळं मत बदलायचा प्रश्न येत नाही.

स्पीकर जोडून त्या दिवशी निघालो तेव्हा गुरुजी मला सोडायला फाटकापर्यंत आले. असे ते कधी येत नसत. माझा दंड धरला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात बोलले, म्हणजे त्यांना वाटलं की हळू बोललो. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"बालाजीराव, राग मानू नका. तुम्ही दोन्ही डब्यांत वायर उलटी जोडली आन् वर सरळ हाय म्हणून भांडत होता. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. वय झालं की कान जातो. तुमचा गेलाय. त्यात लाजायचं काही न्हाई. मी कुणाला बोलणार न्हाई."

दारात गजानन उभा होता. तो तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागला.

"उपकार झाले, गुरुजी," मी म्हणलो, आणि जरा मोठ्यानं म्हणलो, त्यांना ऐकू जावं म्हणून.